खैरूबीच्या नाल्यातलं सोनं

गावातलं सगळ्यात भेकड माणूस कोण, असं आमच्या पिंपरखोऱ्यातल्या कोणत्याबी पोट्ट्याले विचारा, ते नाल्याच्या तोंडावरच्या घराकडं बोट दाखवेल. ते घर खैरुन्निसाचं. आम्ही तिले खैरूबी म्हणतो. जीपचा आवाज आला का ही बाई दार लावून घेते. मीटर पाहणारा आला तरी पयले खिडकीच्या फटीतून पाहते, मंग कडी काढते. चहाची कपबशी हातात दिली तर खुळखुळ वाजते, इतके हात कापतात तिचे. मी तिची शेजारीण, गीताबाई. माह्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, अन् तिच्या आंगणाचं कुंपण एकच. माहं तोंड असं हाये का माहा नवरा हिंमतराव मले पाहून विडी विझवते. मी तिले नेहमी चिडवत होती, "काऊन वं इतकी भेतं? कोणी खाऊन टाकते का तुले?" ती नुसती हसे.

गाव पाह्यलं नसेल त्याच्यासाठी सांगते. देऊळघाटाच्या वरच्या अंगाले, डोंगराले खेटून आमची वस्ती. डोंगरात झरा हाये, तो उन्हाळ्यातबी आटत नाई. झऱ्याचं पाणी नाल्यात येते, नाला खैरूबीच्या दारावरून खाली उतरते, माह्या वावराले वळसा घालते अन् गावाच्या पिण्याच्या विहिरीले लागून पुढं जाते. वरून खाली असं एकच पाणी बंद्या, म्हणजे साऱ्या गावाले.

खैरूबी मूळची लोणारची, कल्हईवाल्याची पोरगी. लग्न होऊन आली तवा मीबी नवीनच होती, दोघी संगच रडलो अन् संगच गावाले सरावलो. तिचा नवरा फकीर मोहम्मद न्यारेवाला. आता हा धंदा कोणाले ठाऊक नसते. सोनार दागिना घडवते, कानशीनं घासते, तवा सोन्याचा बारीक कीस उडते. तो जमिनीवर पडते, हात धुतलेल्या पाण्यासंग मोरीत जाते. न्यारेवाला सोनाराच्या दुकानाचा केर, राख, मोरीचा गाळ पोत्यात भरून आणते अन् पाण्यात धुऊन त्यातलं सोनं काढते. फकीर मोहम्मद चिखली, मेहकर, खामगावच्या सराफ्यातून पोते आणत होता. मंग दोघं नवराबायको नाल्यात बसत, लाकडी काठवटीत ती माती घेत अन् हलवत राहत. हलकं ते वाहून जाये, जड ते बुडाशी बसे. त्यात पारा टाकायचा, पारा सोन्याले धरून ठेवते. फडक्यात पिळला का गोळा राहते, तो निखाऱ्यावर ठेवायचा. पारा धूर होऊन उडते, सोनं मांगं राहते. हे निखाऱ्याचं काम खैरूबीचं. फुंकणी घेऊन चुलीशी बसे, अन् आम्ही बाया दारात उभ्या राहून पाहत होतो.

त्या घराचा एक रिवाज होता. काठवटीच्या बुडाशी जे चमके, त्यातली एक चिमूट फकीर मोहम्मद परत नाल्यात सोडे. त्याच्या बापानं तेच केलं होतं, आज्यानंबी तेच. पाण्यानं वेचून दिलं, तर पाण्याचा वाटा पाण्याले. मी त्याले म्हटलं होतं, येड्या, सोनं कोणी नाल्यात फेकते का? तर म्हणे, भाभी, वाटा न देणाऱ्याच्या घरी बरकत टिकत नाई.

मंग तो वाईट उन्हाळा आला. दूर कुठल्याशा शहरात सराफाकडं चोरी झाली, अन् बाहेरच्या जिल्ह्याचे पोलीस जीप घेऊन आमच्या गावात आले. चोरीचं सोनं हाच गाळते म्हणून फकीर मोहम्मदले उचलून नेलं. मारझोड करूनबी काही निघालं नाई तवा सोडलं. पण परत आला तो माणूस वेगळाच. हात असे कापत का घास तोंडापर्यंत जाये ना. चार माणसांत बसे ना, दार वाजलं का कोपऱ्यात जाये. असाच झिजत झिजत गेला. मुसलमानाची घरं आमच्याकडं मोजकीच, त्यांचं कब्रस्तान खैरूबीच्या घरामांगंच हाये, तिथंच त्याले ठेवलं. पोलिसांच्या मारानंच तो गेला, हे बंद्या गावानं मनात धरलं.

मयतीवरून परतताना अर्जुनराव, तवाचे सरपंच, सगळ्यांसमोर बोलले का आजपासून बाहेरच्या कोणी या घराबद्दल विचारलं तर आपल्याले काही ठाऊक नाई. न्यारेवाला कोणी नाई अन् सोनंबी नाई. कोणी शपथ घातली नाई, तरी बारकं पोट्टंबी तेच सांगू लागलं. खैरूबीले पोटासाठी काम सोडता आलं नाई. पोरगा अकरम ट्रकवर, महिना महिना घरी येत नाई. ती थोडंथोडं धूतच राह्यली, अन् खोटं कायले बोलू, चिखलीहून तिचं पोतं मी स्वतः एसटीत टाकून आणलं हाये. कंडक्टरनं विचारलं तर सांगत होती, चुलीची राख हाये बाप्पा, भांडे घासायले.

असं सारं गुपचूप चालू असताना सरकारी खात्याचे लोक आले. दगडमाती तपासणारे. त्यांच्यात एक पोरगी होती नागपूरची, समीक्षा मॅडम. डोक्याले टोपी, पाठीवर पिशवी, हातात हातोडी. बंद्या जिल्ह्यातल्या नाल्यांचा गाळ ते गोळा करत होते. नाल्यात उतरायचं, गाळ चाळायचा, कापडी थैलीत भरून वर नंबर टाकायचा अन् पुढं जायचं. पोरगी गोड. माह्या ओट्यावर बसून पाणी पेली, अन् तिथंच तिनं अर्जुनरावाले विचारलं का या नाल्यावर कोणी सोन्याचांदीचं काम करते का, पूर्वी कधी होत होतं का. अर्जुनराव म्हणाले, नाई बाई, शेतकऱ्याचं गाव हाये. मंग वरचं घर कोणाचं? म्हणे, बांगड्या विकणाऱ्या बुढीचं. ओट्यावरच्या साऱ्या मुंड्या हालल्या, त्यात माहीबी होती. आम्हाले जीप दिसत होती अन् जीपमांगं पोलीस दिसत होते, दुसरं काही सुचलंच नाई.

पुढच्या हिवाळ्यात ते परत आले. आमच्या नाल्याच्या गाळात सोनं निघालं होतं.

समीक्षा मॅडमनं शाळेत सगळ्यांले बोलावून समजावलं. मले कळलं तेवढं सांगते. आपला हा काळा दगड म्हणजे लय जुन्या काळी जमिनीतून उतू आलेला रस. थरावर थर थिजला, टोपलीत भाकरीवर भाकर ठेवावी तसा. दोन थरांमधी लाल मातीचा पट्टा दिसते, ती मधल्या काळातली माती भाजून झालेली. या दगडात पांढऱ्या गारा, म्हणजे गारगोट्या, सापडतात, पोट्टे खेळतात त्या, पण सोनं सहसा राहत नाई. म्हणूनच तर त्यांची झोप उडाली होती. काळ्या दगडाच्याबी खाली त्याहून जुना दगड हाये. तिथून कधीकाळी कढत पाणी भेगेतून वर चढलं असेल तर ते सोनं घेऊन आलं असेल. अन् अशा पाण्यासंग पाराबी येते म्हणे. आमच्या गाळात पारा निघाला होता, म्हणून तर तिची खात्री पटली. पारा हा शब्द ऐकला अन् मले खैरूबीची चूल दिसली. मी अर्जुनरावाकडं पाह्यलं. ते छताकडं पाहत होते.

मंग ते नाल्यानं वर वर चढत गाळ घेऊ लागले. जितकं वर जावं तितकं सोनं जास्त. खैरूबीच्या दारापुढच्या वळणाशी सगळ्यात जास्त, अन् त्याच्या वर एकदम काहीच नाई. यावरून त्यांनी ताडलं का भेग असेल तर इथंच, या घराच्या आसपास जमिनीत असेल. बास. घराभोवती, कब्रस्तानाभोवती चुन्याच्या रेघा पडल्या, लाल कापडाच्या काड्या रोवल्या गेल्या. इथं लांब चर खोदायचा, वर झऱ्याशेजारी मशीन लावून खोल छिद्र पाडायचं. बुढीले तेवढ्यापुरतं दुसरीकडं ठेवू, असं मॅडम म्हणाली. चांगल्या मनानंच म्हणाली.

आमच्या डोंगरात सोनं शोधायचा नाद कोणाले पयल्यांदाच लागला असं नाई. माह्या सासऱ्याच्या लहानपणी कोणी ठेकेदार आला होता. त्याले गारा चमकताना दिसल्या, अन् त्यानं डोंगराच्या कुशीत विहिरीएवढं भगदाड पाडलं. पोते भरभरून गारा नेल्या, त्या कोणी घेतल्या नाईत, अन् तो बाबा परत फिरकला नाई. पण त्या भगदाडापायी झरा एक अख्खा उन्हाळा आटला होता. लोकं गुरं घेऊन नदीकाठी राहायले गेले होते. ही गोष्ट आता म्हाताऱ्यांनी पुन्हा काढली अन् गावाले कापरं भरलं. पुष्पांजली, माह्या गल्लीतली सून, कडेवर लेकरू घेऊन विहिरीवर उभी होती. म्हणे, काकू, झरा गेला तर याले काय पाजू? मलेबी झोप नव्हती. सोनं म्हटलं का लोकाले हर्ष होते, आम्ही मात्र रोज झऱ्याचं पाणी पाहून येत होतो.

त्यातच पांढरी गाडी येऊ लागली. त्यातले दोघं कुठले होते, कोणाचे होते, आजपर्यंत कळलं नाई. दुपारी गावातले लोकं वावरात असले का ते खैरूबीच्या दारात उभे राहत. आंगठा दे, घर आमच्या नावानं कर, म्हणत. मी धुऱ्यावरून पाहत होती. त्यातल्या एकानं तिच्या दाराची चौकट बोटानं वाजवली अन् हसत म्हणाला का सागवान हाये, लवकर पेट घेते. मी विळा घेऊन तणतणत गेली तवर गाडी निघाली होती. खैरूबी भुशाच्या, कुटाराच्या खोलीत, पोत्यांमांगं बसलेली. मी पाणी पाजलं तर निम्मं ओढणीवर सांडलं.

तवा ती बोलली. "गीता, ते डोंगराचं नोहे. ते आमचं हाये. माह्या आजेसासऱ्याचं, सासऱ्याचं, याचं अन् माहं. पाण्याले दिलेला वाटा हाये तो."

मले आधीच कळलं होतं. ती पुढं म्हणाली का खरं सांगतलं तर पोलीस येतील, नवऱ्याले नेलं तसं मले नेतील. नाई सांगतलं तर घर जाईल, याची कबर उकरली जाईल अन् झरा आटला तर गाव मले शिव्या देईल. मी कुठी जाऊ? लोणारले आता कोणी नाई. या गावाबाहेर माहं काहीच नाई. हे ती रडून नाई, अगदी हळू सांगत होती, कोणी भिंतीआडून ऐकते का काय म्हणून.

मी उठली अन् तिले घेऊन अर्जुनरावाकडं गेली. त्यांनी पयले गल्लीत डोकावून पाह्यलं. म्हणे, आता बोललो तर सरकार म्हणेल का तुम्ही खोटं सांगतलं, सगळ्यांले आत टाका. झाकली मूठ झाकलीच राहू द्या, मशीनले काही सापडलं नाई का जातील आपोआप. मी म्हटलं, तवर झरा जाईल त्याचं काय, अर्जुनराव? तुमच्या जिभेनं हे झालं, आता त्याच जिभेले लकवा झाला का? लय बोलली मी. पण घरी आल्यावर मीबी कोणाजवळ हे काढलं नाई, कारण पटत मलेबी त्याचंच होतं. मॅडमनं विचारलं तवा मुंडी तर साऱ्या गावानं हालवली होती.

शेवटी जे केलं ते तिनंच केलं. मशीनचा ट्रक घाट चढून येत होता, इंजिनची घरघर गावात ऐकू येत होती. मी धुऱ्यावर होती. पाहते तर खैरूबी दार उघडून बाहेर आली, डोक्यावर ओढणी, कमरेवर काठवट. समोर सरकारी जीप उभी होती. ती जीपकडं पाहून थांबली, परत फिरली, पुन्हा थांबली. मंग भिंतीले हात लावत लावत, पाण्यात उतरावं तशी, ती मॅडमपर्यंत गेली. मी विळा टाकून मांगं धावली.

"मॅडम, हे सोनं माहं हाये," ती म्हणाली.

मॅडमले वाटलं, जमिनीवर हक्क सांगते. ती समजावू लागली का आजी, जमिनीच्या पोटातलं सरकारचं असतं. खैरूबीनं काठवट तिच्या पायाशी ठेवली अन् सगळं सांगतलं. केर, कीस, पारा, निखारा, पाण्याचा वाटा, फकीर मोहम्मदले नेणारी जीप. मधेच आवाज गेला तर मी पुढचं सांगतलं. तवर गाव जमलं होतं. मॅडम एका दगडावर बसली. मंग अर्जुनरावाले म्हणाली, "मी विचारलं होतं."

तिनं पिशवीतून काचेची बारकी कुपी काढली, डोळ्याले भिंग लावलं अन् आतले कण पाह्यले. काही कण वळलेले आहेत, म्हणाली, कानशीनं सुटतात तसे. हे आधीही दिसलं होतं, ती म्हणाली, पण सोनं डोंगराचंच असावं असं मला फार वाटत होतं. पोरगी रडवेली झाली होती. तिच्यामांगंबी साहेब होते, तिलेबी उत्तर द्यायचं होतं. तरी तिनं हात वर करून मशीन थांबवलं.

एवढ्यावर भागलं नाई. खैरूबीले बुलढाण्याले मोठ्या साहेबांसमोर हेच सांगावं लागणार होतं, अन् ते जीपमधी बसून. मी संग बसली. पूर्ण घाटभर तिनं माहं मनगट धरून ठेवलं होतं, नखं रुतली होती. ती काहीतरी पुटपुटत होती, दुवा असेल. मले वाटत होतं, आता गाडी वळण घेईल अन् पोलीस ठाण्यापुढं थांबेल. पण तसं काही झालं नाई. साहेबानं ऐकून घेतलं, पारा कुठून आणायची, किती वापरायची, कुठं टाकायची ते विचारलं, अन् घरी जा म्हणाला. तिले खरंच वाटेना. दाराबाहेर येऊन तिनं मले विचारलं, "जाऊ दिलं का वं आपल्याले?"

मॅडमनं पुन्हा वरचा, खालचा गाळ तपासला, सोनाराच्या केराशी ताडून पाह्यला. डोंगरात सोनं नाई, हे पक्कं झालं. काड्या उपटल्या गेल्या, मशीन घाट उतरून परत गेलं, पांढरी गाडी यायची बंद झाली. हिंमतरावानं शिरा करायले लावला अन् मी पयलं ताट खैरूबीले नेऊन दिलं. चला, सुटलो बाप्पा, असं वाटलं.

कायचं सुटतो. आगीतून निघालो अन् फुफाट्यात पडलो. काही दिवसांनी मॅडम परत आली, संग आरोग्य खात्याचा डॉक्टर अन् नर्स. शाळेच्या पटांगणात पुन्हा गाव जमवलं. मॅडम खाली पाहतच बोलली का सोनं जसं डोंगराचं नाही, तसा पाराही डोंगराचा नाही. तो माणसानं टाकलेला आहे, अन् नाल्यानं खाली विहिरीकडं आला असू शकते. तपासणी होईपर्यंत विहीर बंद, टँकर येईल.

मंग पुष्पांजली उठली. तिचा आवाज फाटला होता. "म्हणजे माह्या लेकराले इतके दिवस मी विष पाजलं? हिच्या घरचं?"

ती एकदा बोलली अन् मंग साऱ्यांले तोंड फुटलं. कोणी आपल्या मेलेल्या गाईचं काढलं, कोणी सुनेच्या पडलेल्या गर्भाचं. मांगून कोणी म्हणालं का हिले गावात ठेवायचंच कायले, पोराकडं पाठवा. जे गाव तिच्यासाठी सरकारशी खोटं बोललं होतं, तेच गाव तिच्यापासून सरकून बसलं. तिच्याभोवती मोकळी जागा पडली. अन् मी? मलेबी माही नात दिसत होती, त्याच विहिरीच्या पाण्यानं वाढलेली. मले खैरूबीचं भेव वाटलं. आयुष्यात पयल्यांदा मले तिचं भेव वाटलं, अन् तिनं माह्याकडं पाह्यलं तर मी नजर वळवली.

डॉक्टरनं सगळ्यांले बसवलं. खैरूबीले पुढं बोलावलं अन् दोन्ही हात समोर धरायले सांगतले. धरले. पानावर वारा लागावा तसे बोटं हालत होते. नाकाच्या शेंड्याले बोट लाव म्हणाला, ते गालाले लागलं. कधीपासून असं, विचारलं.

"भेवानं कापतात, साहेब. पयलेपासूनच."

"सगळं भीतीनं नाही, आजी," डॉक्टर म्हणाला. "पाऱ्याचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला की हात कापतात. आणि माणूस भित्राही होतो. आवाजाला दचकतो, चार लोकांत यायला घाबरतो. हा त्या विषाचाच आजार आहे."

खैरूबी उभीच होती. तिनं हळूच विचारलं का माह्या नवऱ्याचे हातबी याच्यानंच कापत होते का? डॉक्टर म्हणाला, आता सांगता येणार नाही, पण असू शकतं. ती मटकन खाली बसली. तिच्यासाठी, त्याच्यासाठी आम्ही इतके दिवस एकाच जीपले शिव्या देत आलो होतो. मार खरा होता, तो खोटा नोहे. पण त्याच्या हाताच्या कापण्यात मार किती अन् चूल किती, अन् या बाईच्या भेवात भेव किती अन् पारा किती, हे आता कोण निवडून देणार? आम्ही तिले भेकड म्हणून हसलो. सगळ्यात जास्त मी हसली.

मंग डॉक्टर म्हणाला का धुराएवढा धोका पाण्यात नसतो, घाबरून जाऊ नका, पण सगळ्यांचं रक्त तपासावं लागेल. नर्सनं टेबलावर सुया मांडल्या. कोणी उठेना. रक्तात काय निघेल, याचंच तर भेव होतं. बायांनी लेकरं पदराखाली घेतले. अर्जुनराव दाराकडं सरकले. मले नातीले घेऊन घरी पळून जावंसं वाटत होतं.

खैरूबी उठली. टेबलाशी जाऊन खुर्चीत बसली अन् बाही वर केली. तिचा हात इतका हालत होता का नर्सले शीर धरता येईना. दोनदा सुई चुकली. ती हूं का चूं बोलली नाई. रक्त निघालं, कापूस लावला, तरी ती तिथंच बाजूच्या बाकावर बसून राह्यली, जायचं कुठं ते न कळल्यासारखी. मी नातीचा हात धरला अन् रांगेत उभी राह्यली. माह्यामांगं आणखी बाया आल्या. अर्जुनरावबी दारातून परत फिरले.

पुष्पांजलीची पाळी आली तर तिचं लेकरू चवताळलं. सुई पाहून त्यानं आईले लाथा मारल्या, नर्सच्या हाताले चावलं अन् खुर्चीवरून घसरून सरळ खैरूबीकडं पळालं. रोज मोठ्या पोट्ट्यांसंग नाल्यानं वर जाऊन तिच्या हातच्या रेवड्या खाणारं पोट्टं ते, त्याले काय ठाऊक कोणाले विष म्हणतात. चढून तिच्या मांडीवर बसलं अन् तोंड तिच्या ओढणीत खुपसलं. खैरूबीनं दोन्ही हात वर उचलले, शिवायलेबी भेली. तिनं पुष्पांजलीकडं पाह्यलं.

पुष्पांजली उठून आली. लेकराले ओढून घेईल असंच मले वाटलं. तिनं नर्सले तिथंच बाकाजवळ बोलावलं. खैरूबीचे हात खाली घेतले अन् लेकराच्या दंडावर ठेवले. ते कापतच होते, म्हणून तिनं त्यावर आपले दोन्ही हात दाबून धरले. सुई गेली, निघाली, लेकरू रडून गप्प झालं, तरी तिनं ते हात सोडले नाईत.